महिपतींची लेखणी

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५.

सहाव्या अध्यायात अर्जुन एक तक्रार करतो. ती आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःशी केलेली आहे. देवा, तू सांगतोस ते सगळं पटतं, पण हे मनच ऐकत नाही. ते चंचल आहे, दांडगं आहे, हट्टी आहे. वाऱ्याची मोट बांधणं जितकं अवघड, तितकंच याला आवरणं अवघड. भगवंत त्याला रागावत नाहीत. त्याची तक्रार खरी आहे हे आधी मान्य करतात आणि मग उपाय म्हणून दोनच शब्द सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

हे दोन्ही शब्द आपण वापरून वापरून गुळगुळीत केलेत. अभ्यास म्हटलं की परीक्षा आठवते. वैराग्य म्हटलं की भगवी वस्त्रं, हिमालय, नोकरीचा राजीनामा. तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात की शिस्त लावायची म्हणजे नक्की काय करायचं, किंवा माझ्या आयुष्याला काही हेतू सापडत नाही, मी काय सोडू आणि काय धरू. या प्रश्नाला गीतेचं उत्तर हे दोन शब्दच आहेत. पण शब्दाचा अर्थ कोशात पाहून कळतो त्यापेक्षा एखाद्याच्या जगण्यात पाहिला की जास्त कळतो. म्हणून आज श्लोकाचा अर्थ उलगडत बसत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका माणसाचं चरित्र सांगतो.

मी राहतो देवळाली प्रवऱ्याला. आमचा तालुका राहुरी. याच तालुक्यात ताहाराबाद नावाचं गाव आहे. नाशिक जिल्ह्यातलं ताहाराबाद वेगळं, ते नव्हे. आमच्या ताहाराबादला संत महिपतींची समाधी आहे. नाव ऐकलं नसेल तरी त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. गोरोबा काकांनी चिखल तुडवताना भान हरपलं, जनाबाईला देवाने दळू लागलं, सेना न्हाव्याच्या जागी देव स्वतः धोपटी घेऊन गेला, ह्या कथा आज ज्या रूपात आपल्या घराघरांत आहेत, त्या रूपात त्या पोचवण्याचं मोठं काम महिपतींच्या ग्रंथांनी केलं. अधिक महिन्यात, चातुर्मासात गावोगावी भक्तिविजयाची पोथी लागते, तो भक्तिविजय त्यांचाच.

उशिरा झालेलं मूल

महिपतींचा जन्म १७१५ सालचा. औरंगजेब नगरजवळ वारला त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळून दोन वर्षं. नगरचा मुलूख अजून मराठ्यांच्या हाती पुरता आलेला नव्हता.

वडिलांचं नाव दादोपंत. घराणं देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांचं, आडनाव कांबळे. ताहाराबादचं कुलकर्णीपण आणि जोशीपण या घरात होतं. दादोपंत पंढरीचे नेमाचे वारकरी. परंपरा असं सांगते की उतारवयापर्यंत त्यांना मूल नव्हतं, आणि विठ्ठलाच्या कृपेने उशिरा झालेला मुलगा म्हणजे महिपती. असा मुलगा घरात लाडाचा असणार. पण लाडाबरोबर त्याच्या वाट्याला घरातली वारीही आली. अगदी लहान वयातच त्याने पंढरपूरला जाण्याचा हट्ट धरल्याचं सांगतात.

वडील गेल्यावर तरुणपणीच गावाचा कारभार अंगावर पडला. कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेबनीस. कोणाची जमीन किती, सारा किती, वसूल किती, बाकी किती, हे सगळं त्याच्या दप्तरात. पाटलाचा शब्द आणि कुलकर्ण्याची लेखणी यावर गाव चालायचं. ताहाराबाद त्या वेळी एका मुसलमान जहागीरदाराकडे होतं. त्यामुळे महिपतींना दप्तर घेऊन जहागीरदाराच्या कचेरीत जावं लागे. सकाळी स्नान, विठ्ठलाची पूजा, मग कचेरी. आजच्या भाषेत सांगायचं तर चांगली, वंशपरंपरेची, मानाची नोकरी. सोडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

त्या दिवशी काय घडलं

एक दिवस महिपती पूजेला बसलेले असताना जहागीरदाराचा शिपाई दारात आला. काम तातडीचं होतं, ताबडतोब बोलावलं होतं. पूजा आटोपून येतो असा निरोप महिपतींनी दिला. शिपायाला ते रुचलं नाही. तो वाटेल तसं बोलला.

पुढे जे घडलं त्याकडे मी तुमचं लक्ष वेधतो, कारण गोष्ट सांगताना ते बरेचदा निसटतं. महिपतींनी पूजा अर्धी सोडली नाही. शिपायाशी भांडलेही नाहीत. पूजा पूर्ण केली. मग उठून कचेरीत गेले. जे काम होतं ते नीट पूर्ण केलं. मग घरी आले. आणि मग लेखणी विठ्ठलापुढे ठेवली. यापुढे ही लेखणी देवाच्या आणि संतांच्या कामाखेरीज दुसऱ्या कोणाच्या चाकरीत चालवणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. त्यांच्या वंशजांनीही हे व्रत पुढे पाळल्याचं सांगतात.

आपण असतो तर? शिपायाचा आवाज चढला तिथेच आपला पारा चढला असता. तिथल्या तिथे नोकरी सोडल्याचा निरोप पाठवला असता. चार लोकांना ती हकीकत सांगितली असती, आणि आठ दिवसांनी राग उतरल्यावर पुढे काय करायचं हा प्रश्न पडला असता. महिपतींनी रागाच्या भरात काही सोडलं नाही. हातातली दोन्ही कामं, देवाचं आणि धन्याचं, पुरी केली आणि शांतपणे ठरवलं. रागात सोडणं हे वैराग्य नसतं, ती नुसती चिडचिड असते. राग गेला की सोडलेल्या गोष्टीची ओढ परत येते. वैराग्य म्हणजे ज्याची ओढच सुटली आहे ते खाली ठेवणं. ओळखायची खूण सोपी आहे : काम अर्धवट टाकून निघालात की पूर्ण करून?

सेना न्हाव्याला देव धावला, महिपतींना?

भक्तिविजय वाचणाऱ्याला इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. सेना न्हावी राजाच्या पदरी होते. एकदा ते असेच पूजेत असताना राजाचं बोलावणं आलं. ते गेले नाहीत. राजा खवळला, जिवावर बेतण्याची वेळ आली. तेव्हा विठ्ठलच सेनाजींचं रूप घेऊन, धोपटी काखेत मारून राजवाड्यात गेला आणि त्याने राजाची हजामत केली. तेलाच्या वाटीत राजाला देवाचं रूप दिसलं. ही कथा महिपतींनीच ओव्यांत सांगितली आहे.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. पूजा चाललेली, सत्तेचं बोलावणं, नकार. सेनाजींच्या कथेत देव धावून गेला. महिपतींच्या आयुष्यात कोणी त्यांचं रूप घेऊन जहागीरदाराच्या कचेरीत हिशेब लिहायला गेलं नाही. त्यांना स्वतःलाच उठून जावं लागलं. पुढे सेनाजींचा अध्याय लिहिताना हा माणूस त्यात कुठेही स्वतःची तक्रार आणत नाही, की देवा, माझ्या वेळी तू का आला नाहीस. तो पूर्ण श्रद्धेने, रंगून ती कथा सांगतो.

मला यात फार मोठं काही दिसतं. दुसऱ्यावर झालेली कृपा मोकळ्या मनाने सांगता येणं, ही साधना आहे. आज आपण हातातल्या पडद्यावर दिवसभर दुसऱ्यांवर झालेली कृपाच बघत असतो. कोणाची परदेशातली नोकरी, कोणाचं निकालाच्या यादीतलं नाव, कोणाचं पिळदार शरीर. आणि प्रत्येक वेळी आत कुठेतरी खुपतं की माझ्या वेळी का नाही. महिपतींनी आयुष्यभर दुसऱ्यांचे चमत्कार लिहिले. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातला चमत्कार एवढाच, की ते रोज लिहायला बसले.

जे सुटलं आणि जे सुटलं नाही

आता एक शंका येणार. म्हणजे हेतू सापडायला नोकरी सोडायची का?

याचं उत्तर महिपतींच्याच ग्रंथांत आहे. त्यांनी ज्यांची चरित्रं लिहिली ते कोण? गोरोबा मडकी घडवत राहिले. सावता माळी अरणच्या मळ्यात खुरपत राहिले. त्यांच्या कथेत देवच मळ्यात येतो. नरहरी सोनार दागिने घडवत होते. रोहिदास जोडे शिवत होते. कबीर मागावर बसले होते. चोखोबा, जनाबाई, नगर जिल्ह्यातलेच श्रीगोंद्याचे शेख महंमद, असे कितीतरी. यातल्या बहुतेकांनी आपलं काम सोडलं नाही. ज्याने स्वतः चाकरी सोडली त्याने आयुष्यभर काम न सोडणाऱ्यांचे गुण गायले. सगळ्यांनी माझ्यासारखं करावं असं त्यांना वाटत असतं, तर त्यांनी सावता माळ्याची गोष्ट इतक्या प्रेमाने सांगितली नसती.

मग स्वतः का सोडलं? मला जे समजतं ते असं. गोरोबांचे हात मडक्यात होते तेव्हा तोंड नामासाठी मोकळं होतं. सावतोबांचं खुरपं चालत होतं तेव्हा मन विठ्ठलाकडे जाऊ शकत होतं. महिपतींचं हत्यार लेखणी होतं. लिहिताना हात, डोळे, बुद्धी, मन सगळं कागदावर लागतं. साऱ्याचा हिशेब लिहिताना संतांचं चरित्र लिहिता येत नाही. त्यांच्याकडे द्यायला एकच गोष्ट होती, आणि ती दोन ठिकाणी गुंतली होती. म्हणून त्यांनी ती एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी लावली.

आणि बाकीचं? घर सोडलं नाही. संसार सोडला नाही. पत्नी होती, विठ्ठलबुवा आणि नारायणबुवा हे मुलगे होते. गाव सोडलं नाही. पंढरीची वाट सोडली नाही. लिहिणंही सोडलं नाही! सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ज्याला कंटाळा येतो तो लेखणीच मोडतो. यांनी लेखणी ठेवली, फक्त तिचा धनी बदलला.

आमच्या भागात पाटाचं पाणी आहे. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की शेतकरी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. दारं धरणं म्हणजे एका सरीचं तोंड मातीने बंद करायचं आणि दुसऱ्या सरीचं उघडायचं. पाणी तेवढंच असतं. सगळीच तोंडं उघडी ठेवली तर ते रानभर पसरतं आणि शेवटच्या सरीपर्यंत पोचतच नाही. एक तोंड बंद करणं हे वैराग्य. उघडलेल्या सरीवर पाणी पोचेपर्यंत उभं राहणं हा अभ्यास. नुसतं बंद करून घरी जाऊन झोपलं तर पाट फुटतो. म्हणून गीता दोन्ही शब्द एकत्र सांगते.

हेतू कुठून आला

लेखणी तर देवापुढे ठेवली. पण लिहायचं काय?

परंपरा सांगते की तुकाराम महाराजांनी महिपतींना स्वप्नात दर्शन दिलं आणि संतचरित्रं लिहिण्याची आज्ञा केली. महिपतींचा जन्म तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर साठ-पासष्ट वर्षांनी झालेला. प्रत्यक्ष भेट शक्यच नव्हती. पण वारकऱ्यांच्या परंपरेत हे नवं नाही. स्वतः तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नातच मंत्र दिला. बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नातच उपदेश केला.

या क्रमाकडे बघा. आधी लेखणी रिकामी झाली, हेतू नंतर हाती आला. आपण उलटं मागतो. आधी मला माझा हेतू लख्ख दिसू दे, मग मी वेळ काढीन. पण भरलेल्या भांड्यात कोण काय ओतणार? ज्या हातात दिवसाचे चार-पाच तास मोबाईलच आहे, त्या हातात देवाने ठेवायचं कुठे? हेतू सापडत नाही म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मी एवढंच सांगतो की आधी थोडी जागा मोकळी करा. रोजचा अर्धा तास चालेल. तिथे काय येतं ते येऊ द्या.

आणखी एक. मिळालेला हेतू स्वतःला मोठं करण्याचा नव्हता. तू मोठा कवी हो, अशी ती आज्ञा नव्हती. दुसऱ्यांची चरित्रं लिही, अशी होती. नामदेवरायांनी ज्ञानोबांची समाधी अभंगांत सांगून ठेवली होती. त्या धाग्याला पुढचा धागा जोडायचा होता. भक्तिविजयाच्या सुरुवातीलाच महिपती सांगून टाकतात की या कथा मी माझ्या मनाने रचलेल्या नाहीत. उत्तरेकडचे नाभाजी आणि आपल्याकडचे उद्धवचिद्घन यांनी जे लिहून ठेवलं त्याच्या आधारे मी सांगतो आहे. कुलकर्ण्याच्या दप्तरातली सवय इथेही दिसते. कोणाकडून किती आलं त्याची नोंद ठेवायची, दुसऱ्याचं धन आपल्या नावावर चढवायचं नाही. नोकरी सुटली, पण नोकरीने लावलेली शिस्त देवाच्या कामी आली. तुमच्याही नोकरीतून, शिक्षणातून जी शिस्त अंगी लागली आहे ती वाया जात नाही.

दिवसाला पाच ओव्या

आता अभ्यासाकडे येऊ.

महिपतींचा संतलीलामृत हा ग्रंथ पूर्ण झाला शके १६७९ मध्ये, म्हणजे १७५७ साली. तेव्हा त्यांचं वय बेचाळीस. पाच वर्षांनी, शके १६८४ म्हणजे १७६२ साली भक्तिविजय पूर्ण झाला : ५७ अध्याय, ९,९१६ ओव्या. त्यानंतर १७७४ साली, वयाच्या साठीच्या उंबऱ्यावर, भक्तलीलामृत : ५१ अध्याय, दहा हजारांहून जास्त ओव्या. शिवाय कथासारामृत, आणि लहान-मोठी स्तोत्रं, व्रतकथा, माहात्म्यं वेगळी.

आकडे ऐकून छाती दडपते. म्हणून मी एकदा गंमत म्हणून भागाकार केला. संतलीलामृत झाल्यापासून भक्तिविजय होईपर्यंत पाच वर्षं, म्हणजे साधारण १,८२५ दिवस. ९,९१६ ओव्यांना त्याने भागलं तर दिवसाला साडेपाच ओव्या येतात. पुढच्या बारा वर्षांत भक्तलीलामृताचा हिशेब तर दिवसाला अडीच ओव्यांच्या आसपास जातो. अर्थात सणवार, वारी, आजारपण हे सगळं असणारच. काही दिवस जास्त, काही दिवस शून्य. पण एवढा डोंगर दिवसाला पाच ओव्यांचा आहे, हे कळल्यावर मला फार धीर आला.

पाच ओव्या म्हणजे वीस ओळी. कोणी एका दिवशी वीस ओळी लिहील आणि कोणी त्याचं कौतुक करणार नाही. एका दिवसाच्या पाच ओव्यांनी काहीच बदलत नाही. अभ्यासातली खरी अडचण ही आहे. काम अवघड असतं म्हणून आपण सोडत नाही. ते इतकं लहान दिसतं की आज नाही केलं तरी काय बिघडतं असं वाटतं, म्हणून सोडतो. पहाटे चारला उठून जगावेगळं काही करून दाखवण्याचे संकल्प आपण उत्साहाने घेतो आणि एकवीस दिवसांच्या आत त्यांचा निकाल लागतो. याच सहाव्या अध्यायात, आजच्या श्लोकांच्या जरा आधी, भगवंत सांगून गेलेत की फार खाणाऱ्याला योग नाही आणि उपाशी मरणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत बसणाऱ्यालाही नाही. बेताचं, पण रोजचं.

हे लिहीत असताना बाहेर काय चाललं होतं तेही पाहा. १७५९ साली नगरचा किल्ला पेशव्यांकडे आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झालं. महाराष्ट्रात कितीतरी घरांतला माणूस परत आला नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी भक्तिविजय पूर्ण झाला. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणं जाळलं. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी भक्तलीलामृत पूर्ण झालं. पानिपताच्या बातम्या ताहाराबादलाही पोचल्या असतील, गावातली रडारड त्यांच्याही कानी आली असेल. जग थांबलं, परिस्थिती निवळली की मग लिहीन, असं त्यांनी म्हटलं असतं तर भक्तिविजय झालाच नसता. घायाळ झालेल्या लोकांना पुढच्या चातुर्मासात ऐकायला काहीतरी लागणार होतं. ते त्यांनी तयार ठेवलं.

अपुरा राहिलेला ग्रंथ

महिपतींचा शेवटचा मोठा ग्रंथ संतविजय. त्यात समर्थ रामदासांचं चरित्र विस्ताराने येतं. हा ग्रंथ सव्वीस अध्यायांवर थांबला आहे. तो पुरा झाला नाही. शके १७१२, श्रावण वद्य द्वादशीला, म्हणजे १७९० साली, पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य संपवून महिपती गेले.

ज्या माणसाने शिपायाच्या शिव्या खाऊनसुद्धा पूजा अर्धी टाकली नाही, त्याचा शेवटचा ग्रंथ अर्धा राहिला. हे वाचून आधी हळहळ वाटते. पण अर्जुनालाही हाच प्रश्न पडला होता. याच अध्यायात थोडं पुढे तो विचारतो की देवा, वाटेतच कोणी गळाला तर त्याचं काय? फुटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही असा विरून जातो का? भगवंत फार मायेने उत्तर देतात. बाबा रे, चांगलं करणाऱ्याची अधोगती कधीच होत नाही. त्याने जिथे सोडलं तिथून पुढे तो चालू लागतो.

महिपतींच्या बाबतीत ते खरं झालेलं दिसतं. ते गेल्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांनी जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने महाराष्ट्राच्या संतकवींवर ग्रंथमाला काढली आणि तिच्यासाठी महिपतींचे अध्याय इंग्रजीत आणले. त्यांच्याबरोबर पंडित नरहर गोडबोले होते. १९३२ साली ॲबट वारले. भक्तिविजयाचा अनुवाद १९३३ मध्ये, त्यांच्या मागे बाहेर पडला. धर्म वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी, पण गोरोबा, चोखोबा, जनाबाई त्या वाटेने जगभर गेले. अपुरा राहिलेला संतविजयही त्या मालेत समर्थांच्या चरित्राच्या रूपाने इंग्रजीत आला. ताहाराबादच्या एका घरात रोज बोरू तासून बसणाऱ्या माणसाने याचा विचारही केला नसेल. त्याच्या हातात त्या दिवशीच्या ओव्या होत्या, तेवढ्या त्याने लिहिल्या.

म्हणून तुमचा संकल्प मोडला असेल, परीक्षेचा एखादा प्रयत्न फसला असेल, जपाची माळ महिनाभर खुंटीला लटकून असेल, तर स्वतःला फुटका ढग समजू नका. जिथे सोडलं होतं तिथून उचला. पहिल्यापासून सुरू करायचीसुद्धा गरज नाही.

आजचा अभ्यास

श्लोक पाठ करा, अर्थ वाचा, ते आहेच. त्याबरोबर आज दोन गोष्टी करून बघा.

पहिली, एक तोंड बंद करा. तुमची लेखणी, म्हणजे तुमची सगळ्यात चांगली शक्ती, कुठे वाहून जाते आहे ते शोधा, आणि त्यातली एकच जागा आजपासून बंद करा. रागाने नको. त्या जागेचं जे काम अंगावर असेल ते पुरं करून मग.

दुसरी, तुमच्या पाच ओव्या ठरवा. वाचन असेल, व्यायाम असेल, रियाज असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसणं असेल. इतकं लहान ठरवा की ताप आलेल्या दिवशीसुद्धा जमेल. आणि ज्या दिवशी जमणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी परत बसा.

कधी शिर्डी-शनिशिंगणापूरच्या वाटेवर राहुरीवरून गेलात तर ताहाराबादला जरूर वळा. आषाढीला तिथूनही दिंडी पंढरीला जाते. समाधीपुढे दोन मिनिटं बसा. आणि भक्तिविजयाचा एक अध्याय वाचा, कुठलाही.

पांडुरंगा, जे धरायचं ते धरण्याची ताकद दे आणि जे सोडायचं ते शांतपणे खाली ठेवण्याची बुद्धी दे. आमच्या हाताला जे हत्यार दिलं आहेस, ते तुझ्या कामी लागो.

उद्याचं वाचन : अध्याय ६, श्लोक ३६.

राम कृष्ण हरी.